कॉट मोजा, मग बोला

पुण्यात हल्ली कुठल्याही दुखण्याचं निदान एकच. नळाला पाणी बारीक आलं, पोरं फार झाली. टिळक रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळाली नाही, पोरं फार झाली. जिन्यात चपलांचा ढीग पडलाय, रात्री बाराला कुणीतरी भर रस्त्यात केक कापतंय, पोळ्यावाल्या बाईंनी पैसे वाढवून मागितले, सगळ्याच्या मुळाशी पोरं. पोरं म्हणजे अर्थातच आपली नव्हेत. बाहेरची. गाडीवर एमएच २२, २३, २४, २६ असले आकडे मिरवणारी, म्हणजे परभणी, बीड, लातूर, नांदेडकडची. शिवाय विदर्भातली, खानदेशातली, आणि मोठ्या कॉलेजांच्या आसपास बघावं तर थेट पाटण्याची आणि इंफाळची.

हे मत आता कट्ट्यावर राहिलेलं नाही. सोसायटीच्या सभेत ते ठराव होऊन येतं, वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांत येतं, निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराच्या तोंडीही येतं. त्याच्यावर अन्याय नको, म्हणून ते त्याच्या पूर्ण डौलात मांडतो. पुणं हे मुळात शांत गाव. पेन्शनरांचं, सायकलींचं, दुपारी एक ते चार दार लावून घेणाऱ्यांचं. इथे थोरामोठ्यांनी कॉलेजं काढली, ते उत्तमच झालं. पण त्या कॉलेजांच्या मागून बाहेरच्या मुलांचे लोंढे आले. त्यांनी लोकसंख्या फुगवली, भाडी वाढवली, भाषा बिघडवली. गावाशी त्यांना काही देणंघेणं नाही. शिकतात आणि निघून जातात. आणि जी जात नाहीत ती तर कायमची उरावर बसतात.

म्हणजे गेली तरी गुन्हा, राहिली तरी गुन्हा. एकाच आरोपीवर फरार होण्याचा आणि ठाण मांडून बसण्याचा असे दोन्ही खटले चालवणारं न्यायालय पुण्याबाहेर कुठे असेल असं वाटत नाही.

आधी आकड्यांकडे येऊ. लोकसंख्येच्या नावाने गळा काढायचा तर निदान जनगणनेचं पुस्तक उघडायला हवं. १९९१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत १५.६६ लाख माणसं होती, २००१ साली २५.३८ लाख. दहा वर्षांत ६२ टक्के! हा आकडा सांगताना बोलणाऱ्याचा आवाज चढतो. पण मधे १९९७ मध्ये हद्दीबाहेरची गावंच्या गावं महापालिकेत घेतली गेली, हे सांगताना तोच आवाज कुठे जातो? बाणेरचा, खराडीचा शेतकरी रात्री झोपला तेव्हा ग्रामपंचायतीत होता, सकाळी उठला तेव्हा पुणेकर झाला होता. तो कुठूनही आलेला नव्हता, शहरच त्याच्या बांधापर्यंत गेलं होतं. पुढे २०१७ मध्ये ११ गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी २३ घेतली, आणि पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. हद्द आपणच ताणायची आणि त्यात किती माणसं सापडली याचा जाब एफवायबीएच्या मुलाला विचारायचा?

बरं, गावं घेण्याची भानगड नसलेलं दशक बघा. २००१ ते २०११ या काळात पुणे महापालिकेची लोकसंख्या २५.३८ लाखांवरून ३१.२४ लाखांवर गेली, म्हणजे २३ टक्के वाढ. त्याच दहा वर्षांत नदीपलीकडचं पिंपरी-चिंचवड १०.१२ लाखांवरून १७.२७ लाखांवर गेलं. तिथली वाढ ७१ टक्के. आता पिंपरी-चिंचवडला आजवर कुणी पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हटल्याचं ऐकिवात नाही. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मग टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं आली. पुढे हिंजवडीला आयटी पार्क झालं आणि तिथे कामाला जाणाऱ्यांनी वाकड, पिंपळे सौदागर भरून टाकलं. पेठांमध्ये कॉलेजं आणि क्लास, वाढ मात्र तिप्पट वेगाने कारखान्यांच्या गावात. सबंध जिल्हा घेतला तर ७२.३२ लाखांचे ९४.२९ लाख झाले. दहा वर्षांत बावीस लाख माणसं. ही सगळी काय सदाशिव पेठेत राज्यसेवेचा अभ्यास करत होती?

आणि २०११ नंतरचे आकडे? ते नाहीतच. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. पण म्हणून कुणी थांबलंय का? ‘आता पेठेत निम्मे बाहेरचेच’, ‘मूळ पुणेकर शोधून सापडत नाही’ असले हिशेब चहाच्या कपावर बिनदिक्कत होतात. सरकारला २०११ नंतर जे मोजणं जमलं नाही ते यांनी गॅलरीत उभं राहून मोजलेलं असतं.

यावर हुशार प्रतिपक्षाचा एक मुद्दा असतो, तो टाळण्यात अर्थ नाही. मुलं जनगणनेत येतच नाहीत, ती गावाकडे मोजली जातात, म्हणून आकड्यांत दिसत नाहीत, असं ते म्हणतात. निम्मं चूक आहे. आपली जनगणना फेब्रुवारीत होते, कॉलेजं ऐन भरात असतात तेव्हा. वसतिगृहातली मुलं वसतिगृहातच मोजली जातात. त्यांच्यासाठी संस्थात्मक कुटुंब अशी वेगळी नोंद असते. उरलेलं निम्मं मात्र खरं असू शकतं. खासगी खोल्यांतली मुलं निसटत असतील. पण ती का निसटतात आणि त्यांना कोण निसटू देतं? त्याचं उत्तर पुढे येईल, आणि ते तक्रार करणाऱ्यांच्याच घरात सापडेल.

लोकसंख्येत भर पडणं म्हणजे काय, हेही एकदा समजून घ्यायला हवं. समजा दोनशे मुलांचं वसतिगृह आहे आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा. दहा वर्षांत त्या दारातून सहा-सातशे मुलं आत गेलेली असतील. गॅलरीतल्या हिशेबनीसाला ती सहाशे दिसतात. वास्तविक पहिल्या दिवशी खाटा दोनशे होत्या, दहा वर्षांनीही दोनशेच आहेत. कारण जेवढी आली तेवढी गेली. कारखान्यात लागलेला माणूस येतो, बायको आणतो, मुलं होतात, आईवडिलांना बोलावतो, प्लॉट घेतो. त्याने तसं करावंच, त्यात वावगं काहीच नाही. पण शहरात भर पडते ती अशी. विद्यार्थी हा शहराचा असा एकमेव रहिवासी आहे की जो येतानाच जाण्याची तारीख घेऊन येतो. २००१ च्या जनगणनेने आधीच्या दहा वर्षांत देशभरात गाव बदललेल्यांना कारण विचारलं होतं. शिक्षणासाठी, असं सांगणारे ३ टक्के निघाले. लग्नामुळे, असं सांगणारे ४३.८ टक्के. पुण्यात शिक्षणाचा वाटा यापेक्षा पुष्कळ जास्त असणार, हे उघड आहे. पण माणसांच्या हलण्याचीच चीड असेल तर मंगल कार्यालयांसमोर निदर्शनं करायला हवीत, अभ्यासिकांसमोर नव्हे.

स्पर्धा परीक्षेची मुलं पाच-पाच, सहा-सहा वर्षं राहतात, हे मान्य. ती का राहतात? जाहिरात वेळेवर निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे जाते, परीक्षा झाली तर निकाल अडकतो, निकाल लागला तर नेमणूक नाही. ११ मार्च २०२१ ला, राज्यसेवेच्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना, ती पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि नवी पेठेतली मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली. त्या दिवशी वाहतूक अडली याची हळहळ आठवडाभर ऐकली. मुलांचं वर्ष अडलं होतं, त्याची हळहळ त्यांच्या गावी झाली असेल. आणि हाच मुलगा उद्या हिंजवडीत नोकरीला लागला, हातात लॅपटॉपची बॅग आली, की त्याच सोसायटीत त्याचं स्वागत होतं. फ्लॅट विकत घ्यायला आला तर चहासुद्धा मिळतो. परीक्षा देतो तोवर लोंढा, गृहकर्ज काढलं की सन्माननीय सभासद.

आता मूळ पुणेकरांकडे वळू. हा जीव कुठला? पेशव्यांचा मूळ पुरुष बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचा. टिळक रत्नागिरीचे, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. गोपाळ कृष्ण गोखले गुहागरजवळच्या कोतळुकचे, तेही कागल-कोल्हापूरला शिकून आलेले. धोंडो केशव कर्वे दापोलीकडच्या मुरुडचे, विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे. १८८० चं न्यू इंग्लिश स्कूल, १८८५ चं फर्ग्युसन, १८९६ चा कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, ज्या ज्या गोष्टीचं नाव घेऊन पुणेकर छाती फुगवतो तिच्यामागे बहुधा कुणीतरी बोचकं घेऊन आलेला मुलगा असतो. त्याच्याही आधी, पेशवाईत, श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा घ्यायला देशभरातून विद्वान यायचे. इंग्रजांनी १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली ती त्याच दक्षिणेच्या पैशातून, आणि तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. बाहेरच्यांनी यावं, शिकावं, हा या गावाचा दोनशे वर्षांचा धंदा आहे. धंदा हा शब्द लागत असेल तर लागू दे.

इथे एक हळवा सूर हमखास निघतो. पूर्वीही मुलं यायची हो, पण ती माधुकरी मागून शिकायची, वार लावून जेवायची, दिव्याखाली अभ्यास करायची. त्यांना गावाची चाड होती. असेल. पण वार कुणाच्या घरी लागायचे आणि कुणाचे लागायचे, हेही त्याच सुरात सांगा ना. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी पान वाढलं जायचं ते आपल्या जातीतल्या गरीब मुलाला. मांग-महारांच्या, धनगर-वंजाऱ्यांच्या, कुणब्यांच्या पोराला या गावात कुणी वार लावून घेतला होता? आज नवी पेठेत कॉटवर झोपणारा मुलगा पुष्कळदा घरातला पहिला पदवीधर असतो, आणि ज्या घरांपर्यंत ते वार कधी पोचले नाहीत तिथून आलेला असतो. तो माधुकरी मागत नाही. मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला आगाऊ भरतो. जुन्या मुलाचं कौतुक आणि नव्याचा तिटकारा यांत फरक नक्की कशाचा आहे, हे जरा आरशासमोर उभं राहून सांगता येईल का?

यांना बोलावलं कुणी, हाही प्रश्न आहेच. महाराष्ट्रात कोणत्या भागाच्या वाट्याला किती कमी आलं हे मोजायला १९८३ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, याच पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. १९८४ च्या त्यांच्या अहवालाने ३ हजार १८६ कोटींचा अनुशेष दाखवला. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं होतं ते १९५८ मध्ये, नांदेडला तर १९९४ मध्ये. आणि ज्या १९८३ साली अनुशेष मोजायला घेतला त्याच साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. ती कॉलेजं भराभर कुठे निघाली? पुण्यात, पुण्याभोवती. त्यांच्या आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती लातूर-नांदेडच्या एसटी स्टँडवर लागल्या, त्यांवर पूर्वेचं ऑक्सफर्ड असं आपणच छापलं. डोनेशन घेताना मुलगा कुठल्या जिल्ह्याचा हे कुणी पाहिलं नाही. मुलगा ट्रंक घेऊन स्वारगेटला उतरल्यावर मात्र त्याचा जिल्हा एकदम दिसायला लागला.

माणसं गाव सोडतात म्हणजे काय होतं हे पाहायचं तर ज्यांची पोरं पूर्वी पुण्याला आली त्या कोकणाकडे पाहावं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली, सिंधुदुर्गाचीही घटली. घरांना कुलपं आहेत. पुण्याला गर्दी झाली म्हणून रडणाऱ्यांपैकी कितीजणांची कुलुपबंद घरं तिकडे आहेत, हा हिशेब जनगणनेत येत नाही, एवढंच.

भाडी वाढली, ही तक्रार मला सर्वांत जास्त आवडते. भाडं वाढवतो कोण? भाडं देणारा?

एक खोली डोळ्यांसमोर आणा. पेठेतला जुना वाडा, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. चार लोखंडी कॉट, दोन खिडकीला आणि दोन भिंतीला, मधून एका माणसाला अंग चोरून जाता येईल एवढी वाट. प्रत्येक कॉटखाली एक ट्रंक आणि पुस्तकांची गोणी. वर आडवी दोरी, तिच्यावर चौघांचे टॉवेल. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि त्याच्या शेजारी मालकांची सूचना: पाहुणे आणू नयेत, दहानंतर दार उघडले जाणार नाही, गीझर सकाळी फक्त सहा ते सात. याला कॉट बेसिस म्हणतात. भाडं खोलीचं नसतं, कॉटचं असतं. अनामत रक्कम दोन-तीन महिन्यांची, तिची पावती मागायची नाही. सोडताना रंगाचे म्हणून त्यातून कापून घेतात, रंग मात्र पुढच्या मुलाच्या वेळीही तोच असतो. चार कॉटचं मिळून जे होतं ते त्या खोलीला कुठल्याही कुटुंबाने दिलं नसतं. दिवाळीनंतर पाचवी कॉट दाराजवळ लागते. मुलगा बारा तास अभ्यासिकेत काढतो त्याचं कारण निव्वळ अभ्यास नसतं. खोलीत बसायला जागा नसते. अभ्यासिकेत तरी प्लायवूडच्या तीन फळ्यांमधली दोन फुटांची खुर्ची त्याच्या नावावर असते, महिन्याचे पैसे भरून.

पाचांना एक संडास. खालच्या मजल्यावर मालक बसलेले असतात, आणि ते गेटपाशी भेटणाऱ्याला सांगत असतात की पाणी पुरत नाही, पोरं फार झाली.

आता याच घराचं मालमत्ता कराचं बिल काढा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका करात ४० टक्के सवलत देते. सवलत चांगली आहे. मधे ती काढली तेव्हा गावाने आकाशपाताळ एक केलं, आणि २०२३ मध्ये ती परत मिळवली. पण वरच्या मजल्यावर पाच कॉट लावून खाली बसलेल्या माणसाने कागदावर ‘स्वतः राहतो’ असं लिहिलं, की ती पाच मुलं कागदावरून नाहीशी होतात. करारही मग अकरा महिन्यांचा नसतो, तोंडी असतो. करात लपवलेलं प्रगणकाला तरी कोण सांगेल? मुलं जनगणनेत निसटत असतील तर ती अशी. रस्त्यावर दिसायला ती हजारो, बिलावर शून्य. सगळे मालक असे नाहीत. कायदेशीर करार करणारे, पावती देणारे, आजारी पोराला डॉक्टरकडे नेणारे मालक-मालकिणी या गावात आहेत. गंमत एवढीच की पोरं फार झाली असं त्यांच्या तोंडून क्वचित ऐकू येतं.

आणि पोरं नसतात तेव्हा काय होतं, हेही आपण पाहिलंय. २०२० च्या मार्चमध्ये मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली आणि दुकानं पुन्हा उघडल्यानंतरही कित्येक महिने आली नाहीत. मेस बंद पडल्या, अभ्यासिकांची भाडी थकली, झेरॉक्सवाले, चहावाले, पोळ्या लाटणाऱ्या बाया घरी बसल्या. तेव्हा याच मालकांचे फोन बीडला, हिंगोलीला जात होते: कधी येताय, कॉट ठेवलीय तुमच्यासाठी.

भाषेचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात कुठल्याही संध्याकाळी जाऊन उभं राहावं. मराठी व्याकरणाची, मराठीतल्या इतिहासाची, भूगोलाची, राज्यघटनेची पुस्तकं पिशव्या भरभरून कोण नेतं? ज्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि आजीशी हिंदीत बोलतात, ते? पुण्यात आज मराठीतून विचार करून, मराठीतून लिहून पोट भरण्याचं स्वप्न पाहणारा सर्वांत मोठा जमाव कुठला असेल तर तो या मुलांचाच. त्यांचं ‘कामून’ आणि ‘लई’ कानाला टोचतं, एवढाच भाषा बिघडल्याचा पुरावा. मध्यरात्रीचा केक मलाही नको असतो. पोलिसांना फोन करावा, ते येतात. पण विसर्जनाच्या मिरवणुकीत तीस-तीस तास छातीत धडकणारा आवाज परंपरा म्हणून सोसणाऱ्या गावाने दहा मिनिटांच्या ‘हॅपी बर्थडे’ला संस्कृतीचा ऱ्हास म्हणावं, याला कान असूनही बहिरं म्हणावं लागेल.

लोकसंख्यावाढीची खरीच काळजी असेल तर या मुलांमधल्या मुलींकडे बघा. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्या जिल्ह्यात आजही कोवळ्या वयात लग्नं लागतात. तिथली एखादी मुलगी बापाशी भांडून, दोन वर्षांची मुदत मागून, सदाशिव पेठेतल्या मुलींच्या हॉस्टेलवर येते. ती एकवीस, बावीस, चोवीस वर्षांची होईपर्यंत लग्न थांबतं, आणि पुढे तिला मुलं किती व्हावीत हे ती स्वतः ठरवण्याची शक्यता वाढते. शिकलेल्या बाईला मुलं कमी होतात हे लोकसंख्येच्या अभ्यासातलं सर्वांत भक्कम निरीक्षण आहे. महाराष्ट्राचा जननदर उतरून २०१९-२१ मध्येच १.७ वर आला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या २.१ च्याही खाली, तो काही भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणामुळे आलेला नाही. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. बाहेरून आलेल्या त्याच धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. ते शिकले त्या पुण्यात एका मुलीच्या कॉटला लोकसंख्यावाढ म्हणतात, हे त्यांनी ऐकलं असतं तर आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा एक अंक नक्की काढला असता.

जननदर एवढा खाली आल्यावर बाहेरून कुणी आलंच नाही तर शहर म्हातारं होतं. कोथरूडच्या, प्रभात रस्त्याच्या कितीतरी इमारतींत ते झालंय. तीन बेडरूमचा फ्लॅट, त्यात दोन माणसं, मुलगा अमेरिकेत. तो तिकडे काय करतोय? मास्टर्स. कुठे? अ‍ॅन आर्बरला, एम्सला, वेस्ट लाफायेटला. म्हणजे दुसऱ्याच्या कॉलेजच्या गावात बाहेरचं पोर होऊन राहतोय, चौघांत एक घर घेऊन. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी नवीन सांगत नाही. नवीन एवढंच की त्या गावाने बाब्याला मोजलंय. अमेरिकेच्या जनगणनेत विद्यार्थी, परदेशी असला तरी, तो जिथे राहून शिकतो तिथला रहिवासी धरला जातो. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे मुलं घरोघर निघून गेली होती, तरी त्यांना कॉलेजच्या गावातच मोजायचं असं तिथल्या जनगणना खात्याने सांगितलं, आणि गावांनीही तोच आग्रह धरला. कारण माणूस मोजला गेला की त्याच्या नावाने निधी येतो, बस येते, दवाखाना येतो. आपण मात्र मुलाचे पैसे घेतो आणि मूल मोजत नाही.

पुण्यावर भार आहे तो न मोजलेल्या माणसांचा, आणि ती न मोजलेली राहावीत यात ज्यांचा फायदा आहे तेच सर्वांत मोठ्याने ओरडतात. प्रभाग अजूनही २०११ च्या लोकसंख्येवर आखले जातात. कॉटवरच्या मुलाचं नाव मतदारयादीत त्याच्या गावी, म्हणून नगरसेवकाला तो दिसत नाही. मालमत्तेच्या नोंदीत तो नाही, म्हणून पाणीपुरवठ्याला दिसत नाही. करार नाही, म्हणून पोलिसांना दिसत नाही. विद्यार्थी सहाय्यक समितीसारखी संस्था १९५५ पासून गावाकडच्या मुलांसाठी वसतिगृहं चालवते, पुणे विद्यार्थी गृह तर १९०९ पासूनचं. सत्तर आणि शंभर वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून जे सुचलं ते आज हजारो कोटींचं अंदाजपत्रक मांडणाऱ्या महापालिकेला मोठ्या प्रमाणावर करता येऊ नये? पेठांमधल्या कुठल्याही चौकात उभं राहून तीन अभ्यासिका दाखवता येतात, महापालिकेचं विद्यार्थी वसतिगृह मात्र शोधावं लागतं.

फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारात येईल. तो विचारेल घरात किती माणसं, कुठून आली, कशासाठी आली. तेव्हा ‘आम्ही दोघंच’ म्हणून दार लावून घेऊ नका. वरच्या मजल्यावर हाक मारा, पाचही जणांना खाली बोलवा, जिल्ह्यासकट त्यांची नावं लिहून द्या, आणि कारणाच्या रकान्यात शिक्षण असं लिहायला सांगा. मग पाणी किती लागतं ते ठरेल, संडास किती हवेत, बस कुठून सुटायला हव्यात, वसतिगृहं किती बांधायची तेही ठरेल, आणि गर्दी कोणी केली याचा निकाल गॅलरीत न लागता कागदावर लागेल. घरात दोघंच नाहीत हे मग महापालिकेलाही एकदा लिहून दिलं, की करातली ४० टक्के सवलतही जाईल. जाईलच, आणि ती गेलीच पाहिजे.